गोवर्धनच्या बाजारात ठेवलेलं दान

पांडवलेणीच्या पायऱ्या चढून गेलं की दहा नंबरच्या लेण्याच्या ओसरीत जरा थांबावं. लोक खांबांवरचे प्राणी बघतात, फोटो काढतात आणि पुढच्या लेण्याकडे वळतात. भिंतीवरच्या ब्राह्मी ओळींकडे फारसं कुणी पाहत नाही. लेण्यातला लेख म्हणजे काहीतरी धार्मिक असणार, स्तुती असणार, असं आपण धरून चालतो. या ओळींत मात्र चक्क हिशेब आहे.

लेख उषवदाताचा आहे. तो दिनीकाचा मुलगा आणि क्षहरात घराण्यातल्या नहपान क्षत्रपाचा जावई. वर्ष 42, वैशाख महिना. त्याने हे लेणं भिक्षुसंघाला दिलं आणि सोबत 3000 कार्षापण ठेवले. कार्षापण म्हणजे तेव्हाचं चांदीचं नाणं. ही रक्कम 'अक्षयनीवी' आहे, म्हणजे मुद्दल कधीच मोडायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. रक्कम ना राजाच्या खजिन्यात गेली ना मठाच्या कोठारात. ती गेली गोवर्धन गावातल्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे. लेखात त्यांना 'कोलिकनिकाय' म्हटलंय. एका श्रेणीकडे 2000, दरमहा शेकडा एक या दराने. दुसरीकडे 1000, दरमहा शेकडा पाऊण या दराने.

पुढे खर्चाची तजवीज आहे. 2000 च्या व्याजातून, या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी 12 कार्षापण द्यायचे.

आता मांडून बघा. दोन हजारांचं शेकडा एकने महिन्याला व्याज 20, वर्षाचं 240. वीस भिक्षू गुणिले बारा, 240. एक कार्षापण इकडचा तिकडे नाही. मी हे पहिल्यांदा वहीच्या पानावर मांडलं तेव्हा अंगावर काटा आला. लेणं ज्या पिढीने कोरलं तिच्यातल्या एखाद्या कारकुनाने दगडात छिन्नी लावण्याआधी हीच बेरीज केली असेल, आणि ती सुमारे 1900 वर्षांनी माझ्या हाताखाली जुळत होती.

दर दोन का, हे लेख सांगत नाही. पण दोन श्रेणी आणि दोन दर आहेत म्हणजे कुणीतरी बसून बोलणी केली असणार, एका श्रेणीने घासाघीस केली असणार. आणि शेवटी लेख सांगतो की हा सगळा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवला. निगमसभा म्हणजे व्यापारी नगराची सभा. म्हणजे भिक्षूंचं चीवर ठरलं डोंगरावर, पण त्याची नोंदणी झाली खाली बाजारात.

नाशिक मुळात तीर्थ की बाजारपेठ, हा वाद अधूनमधून कानावर येतो. मला तो वाद चुकीचा वाटतो. या गावात धर्मासाठी दिलेला पैसा बाजारात ठेवायची रीत होती आणि बाजार त्या पैशावर उभा राहायचा. 3000 कार्षापण कायमचे हाताशी आले की कोष्ट्यांच्या श्रेणींना काय मिळालं असेल याचा विचार करा. सूत घ्यायला भांडवल मिळालं. मागणीही आयती मिळाली, कारण भिक्षूंना लागणारं चीवर म्हणजे कापडच. ठेव ज्या धंद्यात, गरज त्याच धंद्यातली. ही सांगड ज्याने घातली त्याला बाजार चांगला कळत होता.

त्या काळचं गोवर्धन म्हणजे आजच्या शहराच्या पश्चिमेला, गंगापूरकडे जाताना लागणारं छोटं गाव. शिलालेखांच्या काळात ते या भागाचं ठाणं होतं, अमात्य तिथे बसे. जागा मोक्याची होती. खाली कोकणात सोपारा, उत्तरेला भडोच. इकडे वर पैठण आणि त्याच्या पलीकडे तेर. सोपाऱ्याचा माल थळ घाटाने वर चढला की पहिला मोठा सपाट मुलूख हाच. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या मार्गदर्शिकेत पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचं म्हटलंय, आणि पैठण-तेरचा माल गाड्यांवर लादून खाली बंदराला येतो असंही.

उषवदाताच्या दानांची यादी या वाटांच्या नकाशासारखी वाचता येते. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा या चार ठिकाणी त्याने चौसोपी धर्मशाळा बांधल्या. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि डहाणूका या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या आणि त्यांच्या दोन्ही काठांवर पाणपोया उघडल्या. हे सगळं त्याने पुण्यासाठी केलं, असं लेख म्हणतो, आणि ते खरंच असेल. पण नावेचं भाडं माफ झालं की नदी ओलांडणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याचे पैसे वाचतात, हेही तितकंच खरं. त्याच माणसाने ब्राह्मणांना गायी दिल्या, गावं दिली, वर्षभर लाख ब्राह्मणांना जेवू घातलं, चरक साधूंना 32,000 नारळाची झाडं दिली, आणि वर बौद्ध संघाला लेणं दिलं. भिक्षूंच्या जेवणाची सोय व्हावी म्हणून त्याने नगराच्या हद्दीवरचं एक शेत विकत घेतलं, वाराहीपुत्र अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून, 4000 कार्षापणांना. शेत विकणारा ब्राह्मण, विकत घेणारा उषवदात शक, आणि त्यातलं धान्य बौद्ध भिक्षूंच्या पात्रात. किंमत खोडता येऊ नये म्हणून ती दगडावर.

इथे एक गोष्ट मला फार दिवस दिसली नव्हती, आणि दिसल्यावर सगळं लख्ख झालं. वर्षावास म्हणजे पावसाळ्यात भिक्षूंनी भटकंती थांबवून एका जागी राहायचं. त्याच महिन्यांत घाट निसरडे होतात, नद्या फुगतात, बैलगाड्या चिखलात रुततात, समुद्र खवळलेला असतो. तांडाही थांबतो. भिक्षू आणि व्यापारी दोघेही एकाच पावसाने अडकलेले. उन्हाळ्याच्या अखेरीस पैसे ठेवायचे, पावसाळ्यात चीवर द्यायचं आणि पाऊस ओसरला की दोघांनीही वाटेला लागायचं. लेण्यांच्या आणि बाजाराच्या दिनदर्शिका वेगळ्या नव्हत्या.

राजे आणि जावई सोडून इतरही नावं या डोंगरात आहेत. एक लेणं वीर नावाच्या व्यापारी गृहस्थाने दिलेलं. एक मुगुदास नावाच्या कोळ्याने आपल्या कुटुंबासह दिलेलं. एक दत्तामित्री नगराहून आलेल्या यवनाने, धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्ताने. चैत्यगृहावर धंभिक गावाची देणगी आहे आणि त्यात नासिककरांचं नाव आहे. सगळ्यात जुन्या लेण्यांपैकी एकावर सातवाहन घराण्यातल्या कान्ह राजाच्या काळातल्या, नासिकच्या महामात्राचा उल्लेख आहे. म्हणजे 'नासिक' हे नाव इथल्या दगडाला दोन हजार वर्षांपासून परिचयाचं आहे, आणि ते कोरलं गेलं ते देणगीदारांच्या यादीत. मुगुदास कोळ्याचं नाव मला मुद्दाम आठवतं. त्याच्या लेण्याला दार होतं, आणि दारावर नाव कोरायची त्याला मुभा होती.

या सुबत्तेवर डोळा ठेवून लढायाही झाल्या. पेरिप्लस सांगतं की कल्याण बंदर अडवलं गेलं होतं. तिकडे चुकून गेलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात. क्षहरात आणि सातवाहन यांच्यातल्या झगड्यात बंदरं आणि घाट कुणाच्या ताब्यात, हा प्रश्न मोठा होता. शेवटी गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. त्याचा पुरावा 1906 साली सापडला, सिन्नर तालुक्यात, दारणा-गोदावरीच्या संगमाजवळच्या जोगलटेंभीला. चांदीच्या नाण्यांचा हंडा निघाला, 13,000 हून जास्त नाणी. सगळी नहपानाची. पण त्यांतल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा मारलेला. नहपानाच्या चेहऱ्यावर डोंगराचं आणि उज्जैनी चिन्ह. त्याने ती नाणी वितळवली नाहीत, बहुधा चांदी चांगली होती आणि लोकांचा त्या वजनावर विश्वास होता म्हणून. राजा बदलला तरी पैसा चालू राहायला हवा होता.

दानाचंही तसंच झालं. तीन नंबरच्या लेण्यात गौतमीपुत्राचं एक आज्ञापत्र कोरलंय, वर्ष 18 मधलं, गोवर्धनच्या अमात्य विष्णुपालिताला पाठवलेलं. उषवदाताच्या ताब्यात आजवर असलेलं 200 निवर्तनं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत आता त्रिरश्मीच्या, म्हणजे याच डोंगरावरच्या, भिक्षूंना द्यावं, असा त्यात हुकूम. सहा वर्षांनी दुसरं पत्र. यात राजासोबत राजमाताही आज्ञा करते आहे: आधी दिलेलं ते शेत कसलं जात नाही, ते गावही ओस पडलं आहे, म्हणून त्याऐवजी नगराच्या हद्दीतल्या सरकारी शेतातून 100 निवर्तनं द्या. किती साधी, किती घरगुती बाब. दान कागदावर राहिलं तर भिक्षू उपाशी राहतील, हे कुणीतरी राजापर्यंत पोचवलं, आणि राजाने जमीन बदलून दिली. जिथे वस्ती आहे, नांगर चालतो, खरेदीदार आहेत, तिथली दिली. राजमाता गौतमी बलश्रीने पुढे नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी हे भव्य लेणं संघाला दिलं. त्यातला तिचा लेख मुलाच्या पराक्रमाच्या वर्णनासाठी प्रसिद्ध आहे. मला मात्र ती ओस पडलेल्या गावाबद्दलची ओळ जास्त जवळची वाटते.

सातवाहनही गेले. आभीर ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षी विष्णुदत्ता नावाची एक शक बाई, गणपक रेभिलाची पत्नी, त्रिरश्मीच्या संघातल्या आजारी भिक्षूंच्या औषधासाठी पैसे ठेवते. कुठे? पुन्हा गोवर्धनच्या श्रेणींकडे. या वेळी कुलरिक म्हणजे कुंभार, ओदयंत्रिक म्हणजे पाण्याची यंत्रं करणारे, आणि तिळाचं तेल गाळणारे तेली. मध्ये राजवटी बदलल्या, पण गोवर्धनच्या कारागिरांच्या शब्दावरचा विश्वास उडाला नव्हता. चीवरासाठी कोष्टी, औषधासाठी तेली. औषधाला तेल लागतंच.

त्यानंतरची शतकं मी झपाट्याने ओलांडतो. रोमशी होणारा व्यापार आटला, लेण्यांत पुढे महायान मूर्ती आल्या आणि मग भिक्षूही गेले. गोवर्धनचं महत्त्व संपलं आणि गाव नदीकाठच्या टेकाडांवर एकवटलं. त्या टेकाडांपैकी मातीच्या गढीत 1950-51 साली ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं, तेव्हा सातवाहनांच्याही कितीतरी आधीच्या ताम्रपाषाण वस्तीचे थर निघाले. यादवांनी सिन्नरला गोंदेश्वर बांधला. मुसलमानी अमलात गाव गुलशनाबाद झालं. जुन्या नाशकात बडी दर्गा उभी आहे आणि तिच्या आसपासच्या गल्ल्यांना आजही त्या नावाचा सुवास आहे.

अठराव्या शतकात पुन्हा पैसा वाहायला लागला, आणि तो देवळांतून वाहिला. उत्तरेत मोहिमा करणारे मराठा सरदार लूट, खंडणी आणि चौथाईतून श्रीमंत झाले होते आणि गोदाकाठी देऊळ बांधणं हा त्या पैशाचा मानाचा मार्ग होता. नारोशंकर राजेबहाद्दरांनी 1747 मध्ये रामेश्वराचं देऊळ बांधलं. त्याच्या दर्शनी कोनाड्यातल्या पोर्तुगीज घंटेवर 1721 हे साल आहे. ती वसईच्या मोहिमेतली असल्याचं सांगतात. गंगाधर यशवंत चंद्रचूडांनी 1756 मध्ये सुंदरनारायण. त्र्यंबकेश्वराचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी पुन्हा उभारायला घेतलं. सरदार रंगराव ओढेकरांनी काळाराम, रामशेजच्या काळ्या दगडात. बारा वर्षं, दोन हजार माणसं आणि 23 लाख रुपये, असा त्याचा आकडा सांगितला जातो. आकड्यात थोडंफार इकडे-तिकडे असेल, पण बारा वर्षं दोन हजार माणसांनी गावात जेवण घेतलं, कपडा घेतला, घरभाडं भरलं, याचा अर्थ काय होतो ते पंचवटीतल्या कुठल्याही जुन्या वाण्याला समजलं असतं.

या पैशाभोवती शहराच्या गल्ल्या आखल्या गेल्या. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, 'गंगेवर जाऊन येतो' म्हणतात. गंगेवर यात्रेकरू उतरला की त्याला काय काय लागतं, तीच जुन्या नाशकाच्या बाजाराची यादी. पाणी न्यायला गडू आणि तांब्या, म्हणून तांबट आळी आणि भांडी बाजार. दक्षिणेसाठी नाणं, दागिना मोडायला किंवा घडवायला सराफ बाजार. आणि लांबून येणाऱ्याने रोकड अंगावर घेऊन चालू नये म्हणून हुंडी. आपल्या गावातल्या सावकाराकडे पैसे भरायचे, त्याच्याकडून कागद घ्यायचा, आणि नाशकात त्याच्या आडत्याला कागद दाखवून पैसे उचलायचे. वाटेत दरोडा पडला तर चोराच्या हाती कागद. नाशकात आजही हुंडीवाला लेन आहे. तिथून जाणाऱ्या पोरांना हुंडी म्हणजे काय हे माहीत नसतं, पण गल्लीच्या नावात ती अजून वटते आहे.

तांबट आळीतला आवाज मी लहानपणी ऐकलाय. तांब्याचा पत्रा आधी गोल बडवायचा, मग आत-बाहेर आकार द्यायचा आणि शेवटी मठार. एकाशेजारी एक असे हातोडीचे ठोके, इतके सारखे की भांड्याला नक्षीसारखी चकाकी येते. सिंहस्थाच्या आधीच्या वर्षात या ठोक्यांचा वेग वाढतो, असं जुने कारागीर सांगत. बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत येतो आणि त्याची चाहूल तांबटाच्या हातोडीला लागते.

या सगळ्यात मला सर्वांत विलक्षण वाटते ती तीर्थोपाध्यायांची वही. लांबट, दोऱ्याने शिवलेली, कापडात गुंडाळलेली बाडं. आडनाव आणि गाव सांगितलं की उपाध्ये बरोबर तेच बाड काढतात. पणजोबा कधी आले, सोबत कोण होतं, मुलगे किती, भावांची नावं काय, आणि खाली सही. कधी मोडीत, कधी नुसता अंगठा. नवा यजमान आला की त्याची नोंद त्याखाली. यजमानांवरचा हा हक्क म्हणजे वृत्ती. ती बापाकडून मुलाकडे जाई, भावाभावांत तिची वाटणी होई, गरज पडली तर ती गहाणही पडे आणि विकलीही जाई. म्हणजे घराण्याचं पुण्य आणि पुरोहिताची मिळकत एकाच पानावर. निगमसभेच्या फलकाची आठवण व्हावी असं ते पान. गंमत अशी की वारसा हक्काच्या दाव्यात कित्येकांना या वह्यांनीच तारलं आहे.

शहर नदीला चिकटून असल्याची किंमतही शहर मोजतं. गंगेला पूर आला की नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीकडे बघतात, पाणी गुडघ्याला की छातीला. 1969 चा पूर जुनी माणसं अजून सांगतात. 2008 आणि 2019 मध्ये पाणी भांडी बाजारात आणि सराफ बाजारात शिरलं. दुकानदार हलले नाहीत. यात्रेकरू जिथे उतरतो तिथेच दुकान.

धर्म आणि धंदा यांची अशी गाठ जगात इतरत्रही पडलेली आहे. 1629 मध्ये इंग्लंडच्या राजाने जी सनद दिली ती मॅसॅच्युसेट्स बे कंपनी नावाच्या व्यापारी कंपनीला. त्या सनदेवर 1630 मध्ये प्युरिटन पंथाच्या लोकांनी बोस्टन वसवलं. 1635 मध्ये तिथे हुकूम निघाला की नव्या वसाहतीत प्रार्थनागृहापासून अर्ध्या मैलाच्या पलीकडे घर बांधायचं नाही. मत देण्याचा हक्क चर्चच्या सभासदालाच. मासे, लाकूड, फर सगळं जगाला विकायचं, पण गावात वेगळा विचार नको. 1660 मध्ये मेरी डायर या क्वेकर पंथाच्या बाईला बोस्टनमध्ये फाशी दिलं गेलं, कारण हद्दपार केल्यावरही ती परत येत राहिली. अशा गावाचा बाजार कितीही मोठा झाला तरी गावाच्या मध्यभागी कुणाला उभं राहू द्यायचं, हा प्रश्न सुटत नाही.

नाशकात मिशनरींनीही एक गाव वसवलं. चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी 1850 च्या दशकात शहराबाहेर शरणपूर उभारलं. चर्च, शाळा, सुतारशाळा, लोहारशाळा. तिथे काही वर्षांत आफ्रिकन मुलं आली. हिंदी महासागरात गुलामांची वाहतूक करणारी गलबतं इंग्रज आरमार पकडायचं. त्यांतून सोडवलेली मुलं मुंबईला उतरवली जात आणि पुढे शरणपूरला पाठवली जात. माणसांच्या व्यापारातून सुटलेली ही पोरं नाशकात सुतारकाम आणि इंग्रजी शिकली. त्यांच्यातला एक जेकब वेनराइट. डेव्हिड लिव्हिंग्स्टन 1873 मध्ये आफ्रिकेत वारले तेव्हा त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत तो होता, आणि 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीला हजर होता. पुढे प्राइस मोंबासाला गेले आणि 1875 च्या सुमारास तिथे मुक्त गुलामांसाठी फ्रीअरटाउन उभं राहिलं. त्यातले अनेक रहिवासी नाशकात वाढलेले होते. आज शरणपूर रोडवर दुकानांच्या रांगा आहेत. गाडी लावायला जागा शोधताना या नावात 'शरण' आहे हे कुणाच्या मनात येत नाही.

पण नाशकाच्या मध्यभागी कुणाला उभं राहू द्यायचं, हा प्रश्न काळारामाच्या दारात विचारला गेला. रामाच्या दर्शनाला लाखो येत, त्यांच्यावर पंचवटी जगे, आणि याच शहराच्या कडेला राहणाऱ्या, त्याची ओझी वाहणाऱ्या महार-चांभारांना देवळात प्रवेश नव्हता, रामकुंडावर स्नानाला मनाई होती. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारोंची मिरवणूक देवळावर गेली. दरवाजे बंद होते. काळारामाला चार दिशांना चार दारं आहेत. दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रही त्या चारही दारांत बसले, पहिल्या तुकडीत 125 पुरुष आणि 25 स्त्रिया. कुणी आत जाऊ नये म्हणून मंदिरच बंद ठेवलं गेलं. रामनवमीच्या उत्सवात, 9 एप्रिलला, रथ ओढण्यावरून मारामारी झाली, दगडफेक झाली, माणसं जखमी झाली. त्यानंतरही वर्षानुवर्षं लढा चालत राहिला. दारं उघडली नाहीत.

13 ऑक्टोबर 1935 ला बाबासाहेबांनी नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्याला, पैठणी विणणाऱ्या गावात, हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आणि नाशिकचा सत्याग्रह थांबवायला सांगितलं. ज्या देवळात आत घेत नाहीत तिथे शक्ती खर्च करायची नाही, एवढं स्पष्ट. मग 1956 आलं, नागपूर आलं, बौद्ध धम्माची दीक्षा आली.

आणि नाशिकच्या वस्त्यांमधली माणसं ज्या डोंगराकडे पूर्वी नुसतं लांबून बघत, त्याच्या पायऱ्या चढू लागली. पायथ्याशी बुद्धस्मारक झालं. त्यांच्यातले बरेच जण आता पांडवलेणी म्हणत नाहीत, त्रिरश्मी म्हणतात. लेखांमधलं जुनं नाव. वैशाख पौर्णिमेला पहाटेपासून रांग लागते. पांढऱ्या साड्या, पोरांच्या हातात निळे झेंडे, कडेवर तान्ही मुलं. दहा नंबरच्या ओसरीत म्हाताऱ्या बायका गारव्याला टेकून बसतात, पिशवीतून डबा काढतात, पोरांना पाणी पाजतात. त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीवर वीस भिक्षूंच्या चीवराचा हिशेब आहे. त्यातला महिनाही वैशाखच आहे.